लष्करप्रमुखाचा नकार

पुण्याच्या कॅम्प भागात राजेंद्रसिंहजींच्या नावाचा एक रस्ता आहे. रविवार, १० ऑगस्ट १९८६ रोजी खरेदी आटोपून एक मारुती या रस्त्याने घराकडे निघाली होती. गाडी चालवत होते जनरल अरुणकुमार वैद्य, सोबत त्यांच्या पत्नी होत्या. लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गाडीला गाठलं आणि गोळ्या झाडल्या. वैद्य गेले, त्यांच्या पत्नी जखमी झाल्या. अलिबागला जन्मलेला हा रणगाडा दलातला अधिकारी १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्राचा मानकरी ठरला होता. शत्रूच्या रणगाड्यांपुढून जिवंत परतलेला माणूस आपल्याच मुलखात भर दिवसा मारला गेला.

त्यांच्यावर राग होता तो जून १९८४ मधल्या ऑपरेशन ब्लू स्टारचा. सुवर्ण मंदिरात लष्कर पाठवायचं हे सरकारने ठरवलं होतं. प्रत्यक्ष कारवाई पश्चिम विभागाच्या अखत्यारीत झाली. पण लष्कर म्हटलं की ज्याच्याकडे बोट जातं, तो माणूस एकच असतो. त्या वेळी ते वैद्य होते.

लष्करप्रमुख नेमकं करतो काय, असं वाचक मला अनेकदा विचारतात. युद्ध लढतो, हे त्यांच्या मनातलं ठरलेलं उत्तर असतं. मला मात्र दर वेळी हा रस्ता आठवतो, कारण ज्यांचं नाव त्याला आहे त्यांच्याच काळात या पदाचा अर्थ बदलला.

इंग्रजांच्या काळात लष्कराचा प्रमुख ‘कमांडर-इन-चीफ’ म्हणवला जाई आणि व्हाइसरॉयच्या खालोखाल त्याचा दबदबा असे. आज ज्याला आपण तीन मूर्ती भवन म्हणतो, तो त्याचा बंगला होता. स्वातंत्र्यानंतर त्या बंगल्यात पंतप्रधान नेहरू राहायला गेले. सत्ता कुणाकडून कुणाकडे आली, हे सांगायला एवढी एक गोष्ट पुरे. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पांनी जनरल बुचर यांच्याकडून सूत्रं घेतली. तो दिवस आपण लष्करदिन म्हणून पाळतो. तरीही जुनी पदवी आणखी काही वर्षं चालू राहिली. अखेर संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९५५ पासून ती गेली. महाराज राजेंद्रसिंहजी हे शेवटचे कमांडर-इन-चीफ आणि पहिले ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’. १९४८ मध्ये हैदराबादची कारवाई झाली तेव्हा दक्षिण विभागाची धुरा त्यांच्याकडेच होती.

हा बदल नुसता पाटीवरचा नव्हता. राज्यघटनेच्या ५३व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. प्रत्यक्ष लढाईची सूत्रं उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, लखनौ, कोलकाता आणि पुणे इथल्या आर्मी कमांडरांच्या हाती असतात. सातवा विभाग शिमल्याचा, तो प्रशिक्षणाचा. मग प्रमुखाकडे काय उरतं? सुमारे बारा लाखांचं सैन्य उद्या सकाळी लढायला लागलं तर लढू शकेल, याची हमी. सियाचीनच्या चौकीवरच्या जवानाचा बूट, राजस्थानात उभ्या असलेल्या रणगाड्याचा सुटा भाग, दारूगोळा किती दिवस पुरेल याचा हिशेब, कोण कोअर सांभाळेल आणि कोण नाही याचा निवाडा, अन्याय झाला असं वाटणाऱ्याने वरपर्यंत आणलेली तक्रार. हे सगळं वर येत येत त्याच्या टेबलावर येतं. आणि त्यासाठी मुदत असते तीन वर्षांची किंवा वयाच्या बासष्टीपर्यंतची, जे आधी येईल ते.

हे सगळं मोलाचं आहे. पण या पदाचा कस लागतो तो एका बंद खोलीत, पंतप्रधान आणि मंत्र्यांसमोर, जेव्हा सगळ्यांना ‘हो’ ऐकायचं असतं तेव्हा.

एप्रिल १९७१. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत जनरल माणेकशॉ यांना विचारलं गेलं, लष्कर काय करणार? त्यांनी नंतर वारंवार सांगितलेली हकिकत अशी, की त्यांनी आत्ता लढायला नकार दिला. कारणं साधी होती, शेतकऱ्यालाही पटतील अशी. पावसाळा तोंडावर होता आणि बंगालच्या नद्या एकदा फुगल्या की सैन्य रस्त्यांवर अडकून पडणार होतं. हिमालयातल्या खिंडींमधलं बर्फ वितळून चीनला वाट मोकळी होत होती. पंजाबात पीक कापणीला आलं होतं. सैन्य हलवायला सगळ्या रेल्वेगाड्या घेतल्या तर धान्य शेतातच राहिलं असतं. रणगाड्यांचीही तयारी नव्हती. मला वेळ द्या, असं ते म्हणाले आणि तो मिळाला. ती बैठक त्यांनी रंगवली तितकी नाट्यमय नव्हती आणि सरकारही तेव्हा घाईत नव्हतं, असं काही इतिहासकारांचं म्हणणं आहे. ते मान्य केलं तरी मूळ गोष्ट उरतेच. सल्ला प्रतिकूल होता, तो वेळेवर दिला गेला आणि पंतप्रधानांनी तो ऐकला. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. ते तेरा दिवस एप्रिलमधल्या त्या नकारावर उभे होते.

आता नऊ वर्षं मागे जाऊ. २२ सप्टेंबर १९६२. नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, थागला कड्याखाली चिनी सैनिक येऊन बसले होते आणि त्यांना हुसकावून लावा, असं दिल्लीत ठरत होतं. लष्करप्रमुख होते जनरल थापर. चीन लडाखमध्ये उलटून हल्ला करील, ही शंका त्यांनी बोलून दाखवली. ती ऐकली गेली नाही. तेव्हा त्यांनी हुकूम लेखी मागितला आणि संरक्षण खात्यातल्या एका सहसचिवाच्या सहीने तो त्यांना मिळाला. सैन्य पुढे गेलं. उन्हाळी कपड्यांत, मोजक्या काडतुसांसह जवान त्या डोंगरांत पाठवले गेले. पुढे काय झालं ते सांगायला नको. नोव्हेंबर संपण्याआधी थापर पदावरून गेले होते.

त्या लेखी हुकमाचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो मागितला याचा अर्थ धोका प्रमुखाला दिसत होता. पण लेखी हुकूम मागून अधिकारी सुरक्षित होतो, सैन्य नाही. ‘हे मला पटत नाही, तरी तुम्ही म्हणता म्हणून करतो’ एवढ्यावर प्रमुखाचं काम भागत नाही. सैन्य तयार नसेल तर ‘तयार नाही’ हे त्याने समोरच्याच्या कानात पक्कं बसेल असं सांगायला हवं. त्याची किंमत खुर्ची असेल तर खुर्ची. जनरल थिमय्यांनी १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. राजीनामा हे शस्त्र एकदाच चालतं. ते उगारून म्यान केलं की पुढच्या माणसाच्या हातातही बोथट होतं.

नकार हा कर्तव्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा सुरू होतो निर्णय झाल्यावर. सरकारने सगळं ऐकून घेतलं आणि तरी हुकूम दिला, तर तो बेकायदा नसेल तोवर पाळायचा आणि आपला म्हणून पाळायचा. बाहेर येऊन ‘माझं मत वेगळं होतं’ म्हणायचं नाही. वैद्यांनी हे केलं. ब्लू स्टारबद्दल देशात आजही दोन मतं आहेत, ती असू शकतात. पण लष्करावरचं बालंट वैद्यांनी सरकारकडे किंवा हाताखालच्यांकडे ढकललं नाही. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले, साधी गाडी स्वतः चालवत राहिले.

वैद्यांची नेमणूकही वादाविना झाली नव्हती, हेही सांगायला हवं. १९८३ मध्ये ज्येष्ठता डावलून त्यांना निवडलं गेलं आणि लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांनी लष्कर सोडलं. २०१६ मध्ये जनरल रावत यांच्या वेळी दोन ज्येष्ठ अधिकारी मागे राहिले. निवडीचा अधिकार सरकारचा आहे आणि तो असायलाच हवा. वैद्य काय किंवा रावत काय, दोघांच्या लष्करी कर्तबगारीबद्दल कुणी बोट दाखवू नये. माझी काळजी पुढची आहे. मान डोलावणारे वर जातात असा समज एकदा सैन्यात रुजला, तर त्या बंद खोलीत ‘नाही’ म्हणणारा कुणी उरणारच नाही.

शेजारी पाहा. एकाच इंग्रजी लष्कराचे दोन तुकडे झाले. तिकडे अयुब खान, झिया, मुशर्रफ असे प्रमुख देशाचे मालक झाले आणि देश खंगला. आपल्याकडे एकही प्रमुख त्या वाटेला गेला नाही. ही पुण्याई आपण गृहीत धरतो आणि दुसऱ्या बाजूने ती झिजवतो. प्रचाराच्या फलकांवर जवानांची छायाचित्रं लावू नका, असं निवडणूक आयोगाला २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावावं लागलं. रोज संध्याकाळी वाहिन्यांवर प्रमुखाच्या एका वाक्याचं रणशिंग केलं जातं. ज्याच्याकडून रोज डरकाळीची अपेक्षा केली जाते, त्याला ‘अजून तयारी नाही’ म्हणणं किती जड जात असेल?

आपल्याला तर अभिमानाचं कारण अलीकडचंच आहे. पुण्याचे जनरल नरवणे आणि त्यांच्यामागून नागपूरचे जनरल मनोज पांडे असे सलग दोन मराठी लष्करप्रमुख झाले. इंजिनिअर्स दलातून या पदावर पोहोचलेले पांडे पहिलेच. गलवानचा जून २०२० नरवणेंच्या वाट्याला आला, वीस जवान गेले. त्या काळात दिल्लीत कोण काय म्हणालं, हे आज ना उद्या इतिहास सांगेल. तो सांगू दिला पाहिजे.

इथेच माझी मागणी आहे. २०२० पासून संरक्षण दलप्रमुखांचं पद आलं आहे आणि संयुक्त विभागांची रचना पुढे गेली की लष्करप्रमुखाचं काम मुख्यतः सैन्य उभारणं आणि सज्ज ठेवणं हेच राहील. म्हणजे ‘सज्ज आहोत की नाही’ हे सांगण्याची जबाबदारी उलट वाढेल. ती कशी निभवावी आणि कशी चुकते, हे शिकण्याजोगा आपला सर्वांत मोठा धडा १९६२ चा आहे. त्या पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. कारगिलचा चौकशी अहवाल काही भाग वगळून का होईना, वर्षभरात लोकांसमोर आला. १९६२ चा अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दर सहा महिन्यांनी दीक्षांत संचलन होतं. तिथली मुलं ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडतात तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची असतात. आता त्यांत मुलीही आहेत. यांच्यातलंच कुणीतरी चाळीस वर्षांनी त्या बंद खोलीत उभं राहील आणि त्याच्या एका शब्दावर हजारोंचे जीव अवलंबून असतील. आपल्या आधीचा एक प्रमुख कुठे अडखळला, हे त्यांना लष्कराच्याच कागदांतून वाचता यायला हवं. साठ वर्षं झाली आहेत. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध करावा.