परवान्याची घाई आणि घराची आस

७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात भीषण वणवे पेटले. सागरकिनाऱ्यालगतचे पॅसिफिक पॅलिसेड्स आणि डोंगरपायथ्याचे आल्टाडिना या वस्त्यांची अक्षरशः राखरांगोळी झाली. १६ हजारांहून अधिक बांधकामे भस्मसात झाली व ३१ जणांचे प्राण गेले. पॅलिसेड्स येथील कॉर्पस क्रिस्ती हे कॅथलिक चर्चही जळाले. पवित्र साक्रामेंताची पेटी मात्र अग्निशामक जवानांनी ढिगाऱ्यातून सुखरूप बाहेर काढली.

आग विझली आणि दुसरी परीक्षा सुरू झाली. आपल्याच जमिनीवर आपलेच घर पुन्हा बांधण्यासाठीही परवाना लागतो. आराखडा, माती, सांडपाणी, अग्निसुरक्षा, पर्यावरण अशा अनेक टेबलांवरून कागद फिरतो. तोवर कुटुंबाला भाडे भरावे लागते आणि जळालेल्या घरावरील कर्जाचे हप्तेही चुकत नाहीत. हे ओळखून राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी १२ जानेवारी २०२५ रोजीच पर्यावरण व सागरकिनारा कायद्यांखालील छाननी अशा घरांपुरती स्थगित केली. अट एवढीच, की नवे घर जुन्याच्या ११० टक्क्यांपेक्षा मोठे नसावे. महापौर कॅरन बॅस यांनीही शहरातील छाननी ३० दिवसांत उरकण्याचे आदेश दिले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये, स्थानिक परवान्यांना बाजूस सारता येईल असे नियम करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केंद्रीय यंत्रणांना दिला.

विलंब हाही अन्यायच होय, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु परवाना हेच एकमेव कुलूप आहे काय? अनेकांच्या विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चापुढे तोकडी पडली. वणव्यांपूर्वीच विमा कंपन्यांनी कॅलिफोर्नियातून अंग काढून घेण्यास सुरुवात केली होती. आल्टाडिनात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी काहींनी अखेर जमीन विकण्याचा मार्ग पत्करला; विक्रीस आलेले अनेक भूखंड गुंतवणूकदार कंपन्यांनी घेतले. शिक्का त्वरेने मिळाला, पण पैसाच नसेल, तर त्या त्वरेचा लाभ कोणाला, हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या छपराच्या फटींतून व झरोक्यांतून आत शिरतात आणि घर आतून पेटते. म्हणूनच धोक्याच्या क्षेत्रातील नव्या घरांसाठी कॅलिफोर्नियाने २००८ पासून अग्निरोधक बांधकामाचे नियम लागू केले. कागदांची संख्या जरूर घटवावी. या नियमांना मात्र हात लावू नये. वाळूवर घाईने बांधलेल्या घराचे काय होते, हे प्रभू येशूने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.

आपल्या महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि सुमारे ८ हजार माणसे गाडली गेली. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तर अन्य असंख्य घरांची दुरुस्ती व मजबुती घरमालकांनी शासकीय मदतीने स्वतः करून घेतली. त्या कामी गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमले गेले. शासन आणि घरमालक यांच्यातील दुवा होऊन या गावच्या स्त्रियांनी माहिती घरोघर पोचवली. परवाना सोपा करणे म्हणजे केवळ नियम वगळणे नव्हे, तर नियम समजावून सांगणारा माणूस शेजारी उभा करणे, हा त्या अनुभवाचा मथितार्थ आहे.

घर असणे हे मानवी प्रतिष्ठेशी व कुटुंबाच्या वाढीशी निगडित आहे, अशी शिकवण दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दिली आहे. आपल्या किनाऱ्याने २०२० मध्ये निसर्ग आणि २०२१ मध्ये तौक्ते ही चक्रीवादळे सोसली आहेत. वेळ सांगून येत नाही. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, वारसनोंदी यांच्या प्रती आपण सुरक्षित ठेवल्या आहेत काय? आपल्या धर्मग्रामात संकटकाळी विधवेचा, वृद्धाचा, अल्पशिक्षिताचा अर्ज भरून देणारे चार स्वयंसेवक तयार आहेत काय? शासनाकडे तत्परतेची मागणी आपण अवश्य करावी. परंतु शेजाऱ्याच्या कागदासाठी कचेरीची पायरी चढणे, ही आपलीही जबाबदारी आहे.