‘ओळखीचं वाटतं’ म्हणजे ‘येतं’ नव्हे

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की पालकांची एक तक्रार आम्हा शिक्षकांच्या कानावर हमखास येते. “रात्रभर पुस्तक घेऊन बसला होता. सगळं येतं म्हणाला, आणि पेपरात काहीच लिहिलं नाही!” मग घरात मुलावर खोटारडेपणाचा शिक्का बसतो. आम्हाला मात्र वाटते, बहुतेक वेळा मूल खोटे बोलत नसते. आपल्याला सगळे येते, असे त्याला खरोखरच वाटलेले असते.

सडक अर्जुनीच्या बाजारात नेहमी दिसणारा भाजीवाला एखाद्या दिवशी गोंदियाच्या बसमध्ये समोर बसलेला दिसतो. चेहरा ओळखीचा असतो, पण हा कोण, हे काही केल्या आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली असेच उदाहरण दिले होते. त्यांच्या बसमध्ये भेटतो तो खाटीक. ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते.

मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारी टोपी घालून असे प्रयोग होतात. आधी दाखवलेल्या शब्दांत नवे शब्द मिसळून ते पुन्हा दाखवतात. पाहिलेला शब्द समोर आला की साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, डोक्याच्या पुढच्या बाजूला लहरींत फरक दिसतो. तो शब्द कुठे, कसा पाहिला हेही आठवले, तर ५०० ते ८०० मिलिसेकंदांच्या सुमारास डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात दुसरा फरक उमटतो. पहिल्या फरकाचा नेमका अर्थ काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण अनेक जण त्याचा संबंध ओळखीच्या भावनेशी जोडतात.

धडा चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. मूल त्यालाच ‘येतं’ समजते. परीक्षेत मात्र ओळ समोर नसते, ती आतून काढावी लागते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

आपल्या घरांना ही रीत नवी नाही. हिफ्ज करणारे मूल उस्तादांसमोर न पाहता सबक ऐकवते, मागचे पाठही पुन्हा पुन्हा ऐकवते. सारख्या शब्दांच्या आयतींपाशी जीभ भलत्याच सूरहकडे वळते. तिथे नुसती ओळख दगा देते, आणि उस्ताद तिथेच थांबवतात. मग विज्ञान-इतिहासाच्या धड्यांना हीच रीत का नको?

यासाठी शिकवणीची फी लागत नाही. अम्मीने भाकरी थापता थापता एवढेच म्हणावे, “पुस्तक मीट आणि मला समजावून सांग.” दादीला वाचता येत नसले तरी ती ऐकू शकते, “असं का?” एवढे विचारू शकते. मूल अडखळले तर रागावू नका. कुठे अडले ते त्यालाच पुस्तकात पाहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पेपरात अडखळण्यापेक्षा चुलीपाशी अडखळलेले बरे.