‘रेडी’ वाटायची वाट कशाला बघायची?

माझी रूममेट नर्स आहे. अमेरिकेत नर्सिंग करायचं तर ‘एनक्लेक्स’ ही लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते. नाईट ड्युट्या सांभाळून तिने ती दिली आणि नापास झाली. घरी मात्र ‘रिझल्ट यायचाय’ एवढंच सांगितलं. पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं. ते कधीच संपले. विचारलं की एकच उत्तर, “अजून रेडी वाटत नाहीये गं.”

मला वाटतं, तिचं इथेच चुकत होतं. कारण या परीक्षेत ‘वाटण्याला’ फारसा अर्थच नाही. तुमच्या उत्तरांवरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न ठरवतो. बरोबर आलं की पुढचा अवघड. किमान ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न. त्यामुळे पास होणाऱ्यालाही आपण बरेच प्रश्न चुकलो असंच वाटतं. मग आधी ‘रेडी’ वाटणार तरी कसं?

त्यापेक्षा पुरावा बघा. नापास झालेल्यांना एक रिपोर्ट मिळतो. कोणत्या भागात तुम्ही पासिंगच्या वर, जवळपास की खाली आहात, हे त्यात असतं. तिने तो एकदाच उघडून बंद केला होता. परवा आम्ही दोघींनी मिळून वाचला. इन्फेक्शन कंट्रोल वर, औषधं खाली, आणि ‘चारपैकी कोणत्या पेशंटकडे आधी जाल?’ छापाचे प्रश्न जवळपास. म्हणजे सगळं पहिल्यापासून घोकायची गरजच नव्हती!

अर्थात, घाईत फॉर्म भरा असं मी म्हणत नाही. दर वेळी २०० डॉलर नव्याने भरावे लागतात, ते काही झाडाला लागत नाहीत. पण तयारी मोजता येते. आधी न पाहिलेला प्रश्न घ्या. उत्तर बरोबर आलं एवढ्यावर थांबू नका, बाकीचे पर्याय का चूक तेही सांगा. कच्च्या भागात हे सातत्याने जमायला लागलं की तारीख घ्या. पोटात गोळा आला तरी घ्या.

एमपीएससी, सीए, नेट, कुठल्याही परीक्षेत अडकलेल्यांना हे लागू आहे. ‘मनाची तयारी’ म्हणत आपण बऱ्याचदा फक्त दुसऱ्यांदा नापास व्हायची भीती लांबवत असतो.

रूममेटने कालपासून औषधांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय. रात्री आईला फोन करून खरा रिझल्टही सांगितला. आई म्हणाली, “बरं. मग परत कधी आहे?”