समुद्रातील खुणा आणि फौजदारी कायदा



जहाजांना वाट दाखविणाऱ्या खुणांमध्ये कोणीतरी ढवळाढवळ करते, अशा बातम्या अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. 2025 च्या मे महिन्यात तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे मालवाहू जहाज उथळ जागी रुतले. उपग्रहाकडून येणारी खूण बिघडविली गेली असावी, असा संशय जाणकारांनी व्यक्त केला. पुढच्याच महिन्यात होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. त्या दिवसांत त्या भागातील शेकडो जहाजांची यंत्रे भलतीच जागा दाखवीत होती.

हे सर्व दूरचे आहे असे कोणास वाटेल. परंतु तांदूळ, पीठ व तेल समुद्रावाटे आणून जगणाऱ्या आपल्या द्वीपाने ते दूरचे मानू नये. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि आशियातून निघालेल्या जहाजांचा तो मार्ग आपल्या समुद्रातून जातो.

अशा कृत्याकडे कायदा कसा पाहतो? आपल्या पूर्वजांच्या देशातील कायद्यात ही गोष्ट फार स्पष्ट शब्दांत सांगितली आहे, म्हणून तेथून आरंभ करू. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 281 होते. नाविकाची दिशाभूल व्हावी म्हणून, किंवा ती होण्याचा संभव आहे हे ठाऊक असून, जो कोणी खोटा दिवा, खोटी खूण किंवा खोटा बोया दाखवील, त्याला सात वर्षांपर्यंत कैद. कलम 433 दीपस्तंभ किंवा बोया नष्ट करणाऱ्याला, हलविणाऱ्याला, एवढेच नव्हे तर त्याची उपयुक्तता कमी करणाऱ्यालाही लागू होते. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. जहाज फुटलेच पाहिजे, कोणी बुडालेच पाहिजे, अशी अट दोन्हींत नाही. दिशाभूल करणारा दिवा दाखविला की गुन्हा पूर्ण झाला.

आता याच संहितेतील शेजारचे कलम 280 पाहा. बेदरकारपणे जहाज हाकून माणसांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला फार तर सहा महिने! माझ्या मते या दोन आकड्यांतच कायद्याचा सारा विचार सामावला आहे. बेदरकार कप्तान एका जहाजाला, फार तर वाटेत येणाऱ्या दुसऱ्याला धोक्यात घालतो. खूण हलविणारा मात्र त्या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला फसवितो, आणि जो सावधपणे खुणा पाहून चालतो तोच आधी फसतो. पोर्ट लुईसच्या बंदरात शिरताना तांबडा बोया डावीकडे व हिरवा उजवीकडे ठेवावयाचा असतो. या दोघांची अदलाबदल केली तर नियम पाळणारा खलाशीच खडकावर जाईल. (अमेरिकेच्या बंदरांत हा नियम नेमका उलटा आहे, ही गंमत मुलांना सांगितली की ती कधी विसरत नाहीत.)

‘उपयुक्तता कमी करणे’ हे शब्दही ध्यानात घेण्यासारखे आहेत. पासेतील बालिझवर कोणी जाळे वाळत घातले आणि तिचा रंग झाकला, तर मनात पाप नसले तरी खूण आंधळी झालीच. अशा माणसाला तुरुंगात पाठवा असे मी म्हणत नाही, कारण त्या कलमाला मुळात हानीचा हेतू किंवा जाणीव लागते. पण बोयाला पिरोग बांधणाऱ्याला कोणीतरी हटकले पाहिजे.

आपल्याकडील अनुभव वेगळा आहे. 25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशियो’ पॉईंत देस्नीच्या प्रवाळावर चढले. 6 ऑगस्टपासून सुमारे 1000 टन तेल लागूनमध्ये सांडले, आणि उसाच्या पाल्याचे बांध घालण्यासाठी आपली माणसे किनाऱ्यावर धावली. त्या ठिकाणी कोणी खूण हलविली नव्हती. मोबाईल फोनचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याकडे वळविले होते, आणि पुरेसा तपशील असलेला नकाशाही जहाजावर वापरात नव्हता, असे जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीनेच पुढे सांगितले. कप्तान व त्याच्या पहिल्या अधिकाऱ्याला डिसेंबर 2021 मध्ये आपल्या न्यायालयाने 20 महिन्यांची शिक्षा दिली. गुन्हा कोणता? सुरक्षित नौकानयन धोक्यात आणणे. आणि कायदा कोणता? 2011 चा चाचेगिरी व सागरी हिंसाचाराचा कायदा, जो सोमाली चाच्यांचा उपद्रव जोरात असताना झाला.

शिक्षा योग्यच झाली असे मला वाटते. तरीही चाच्यांसाठी शिवलेला अंगरखा निष्काळजी कप्तानाला घालावा लागला, हे नजरेआड करता येत नाही. हेतू आणि हलगर्जी यांतील जो फरक जुनी संहिता सात वर्षे व सहा महिने असा मोजून दाखविते, तो येथे पुसट झाला.

आंतरराष्ट्रीय करार आहे तो 1988 चा, रोम येथे झालेला. 1985 साली ‘आकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचे अपहरण झाले, त्यातून तो जन्मला. नौकानयनाच्या सोयी नष्ट करणे, त्यांचे गंभीर नुकसान करणे, त्यांच्या कामात गंभीर अडथळा आणणे आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणे, हे गुन्हे त्यात आहेत. मात्र त्याने जहाज धोक्यात येण्याचा संभव असला पाहिजे. उपग्रह आकाशात शाबूत असतो, आणि किनाऱ्यावरचे एखादे यंत्र त्याचा आवाज काढून जहाजाला फसविते. याला ‘सोयीच्या कामात अडथळा’ म्हणावयाचे की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. 1860 चा ‘खोटा दिवा’ या कृत्याला अधिक चपखल बसतो! भारताने 1 जुलै 2024 पासून लागू केलेल्या न्यायसंहितेत दीपस्तंभाच्या जागी रेल्वे, विमान वा जहाज यांना वाट दाखविणारी कोणतीही ‘खूण किंवा सिग्नल’ असे शब्द घातले आहेत. आपल्या कायदेमंडळाने हे शब्द उसने घेण्यात कमीपणा मानू नये. समुद्रातील खोट्या सिग्नलला रेडिओ परवान्याचा भंग समजून दंडावर सोडणे म्हणजे खोटा दिवा लावणाऱ्याकडून तेलाचे पैसे घेण्यासारखे होईल.

एक अडचण मात्र शब्द बदलून सुटणार नाही. हे उद्योग पुष्कळदा सरकारे व त्यांची सैन्ये करतात, आणि 2005 च्या प्रोटोकॉलने युद्धकाळातील सैन्याची कृत्ये या करारातून वगळली आहेत. शिवाय पुराव्याचा प्रश्न आहेच. हलविलेला बोया दुसऱ्या दिवशी सापडतो, खोटा सिग्नल बंद केला की समुद्रावर काहीच उरत नाही. उरते ती जहाजावरील नोंदयंत्रातली नोंद, आणि ती वेळेवर ताब्यात घेऊन वाचू शकणारी माणसे आपल्या तटरक्षक दलात असावी लागतात.