बटण आपल्या हाती, हुकूम कुणाचा? गेम कन्सोल आणि घरगुती डीव्हीडी #थ्रेड

१/ ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ विक्रीस आले. अनेक घरांत हे खेळाचे यंत्रच पहिला डीव्हीडी प्लेअर ठरले.

२/ २००१ च्या एक्सबॉक्सची तऱ्हा निराळी. रिमोट व रिसीव्हरचा संच वेगळा विकत घेतल्याविना त्यावर चित्रपट चालतच नसे.

३/ याच काळात लोक लग्नसमारंभांच्या चित्रफिती घरच्या संगणकावर डीव्हीडीत उतरवू लागले. तबकडी एका यंत्रावर सुरळीत चाले. दुसऱ्यावर अडखळे वा उघडतच नसे. दोष मात्र बटणाला दिला जाई.

४/ वास्तविक बटण केवळ विनंती करते. डीव्हीडीतील चित्रण सुमारे ०.४ ते १ सेकंदाच्या तुकड्यांत विभागलेले असते. प्रत्येक तुकड्यारंभी पुढच्या-मागच्या तुकड्यांचे पत्ते असतात. त्यांच्या आधारे यंत्र चित्र पळवते. रचनाकाराने प्रकरणांच्या खुणा केल्याच नसतील, तर ‘पुढचे प्रकरण’ सापडणार कोठून?

५/ कोणते बटण केव्हा निकामी ठेवायचे, हेही तबकडीवरच नोंदलेले असते. म्हणूनच विकतच्या चित्रपटातील इशारापाटी ओलांडता येत नाही.

६/ माझ्या मते ही मनाई पाळायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रेक्षकाला हवा होता. निदान घरच्या तबकडीवर तरी तो आपलाच असावा.

७/ आता तबकडीचा कप्पाच नसलेले कन्सोल विकले जातात. जुन्या तबकड्यांतील चित्रण आजच संगणकावर उतरवून ठेवावे. यंत्रे बदलतील, त्या लग्नातली माणसे पुन्हा चित्रित करता येणार नाहीत.