वृद्धांच्या मुखातील इतिहास

ज्या समाजापाशी लेखी दप्तरे नाहीत त्याला इतिहासही नाही, असे युरोपातील अनेक विद्वान दीर्घकाळ मानीत आले. आफ्रिकेविषयी तर हे मत सिद्धान्ताप्रमाणे सांगितले जाई. ते खोडून काढण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत जोझेफ की-झेर्बो यांची गणना अग्रभागी करावी लागेल.

पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, या देशातील तोमा गावी २१ जून १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील आल्फ्रेड दिबान हे त्या देशातील पहिले ख्रिस्ती मानले जातात. तारुण्यात दिबान गुलामगिरीत सापडले होते. तीतून निसटून त्यांनी ‘व्हाइट फादर्स’ संघाच्या धर्मगुरूंचा आश्रय घेतला व १९०१ साली बाप्तिस्मा स्वीकारला. पळून आलेल्या गुलामाची कहाणी कोणत्या सरकारी दप्तरात सापडावी? ती त्याच्याच मुखातून ऐकावी लागते. पुढे जोझेफ यांनी वडिलांचे चरित्र स्वतः लिहिले.

मिशनच्या शाळांत शिकून १९४९ साली ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. सोरबॉन विद्यापीठात इतिहासाचे अध्ययन करून १९५६ साली त्यांनी फ्रान्समधील अध्यापकांची अत्यंत कठीण अशी स्पर्धा-परीक्षा जिंकली. इतिहास विषयात हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णी आफ्रिकी गृहस्थ होत. फ्रान्समध्ये सुखाची नोकरी त्यांना सहज लाभली असती. परंतु १९५८ साली गिनी देशाने स्वातंत्र्याचा कौल दिला आणि फ्रान्सने आपली माणसे तेथून काढून घेतली, तेव्हा तेथील मुलांना शिकविण्यासाठी की-झेर्बो कोनाक्रीस गेले. १९६० साली ते मायदेशी परतले.

१९७२ साली त्यांचा कृष्ण आफ्रिकेच्या इतिहासावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. युनेस्कोने सिद्ध केलेल्या आफ्रिकेच्या इतिहासाचा पहिला खंडही त्यांनीच संपादिला. लेख, उत्खनन आणि मौखिक परंपरा हे इतिहासाचे तीन आधार होत, असे त्यात प्रतिपादिले आहे. मात्र ऐकीव ते सारे खरे, असा भोळा भाव येथे नाही. माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता याची कथा ‘ग्रिओ’ नावाचे वंशपरंपरागत कथेकरी शतकानुशतके सांगत आले. त्याच राजाचा उल्लेख चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून यानेही केला आहे. अशी साक्षीशी साक्ष ताडून पाहिली म्हणजे कथेतील इतिहास हाती लागतो.

विद्वत्तेबरोबर राजकारणातही ते उतरले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. १९८३ साली त्यांना देश सोडावा लागला. मागे राहिलेला हजारो पुस्तकांचा संग्रह नाहीसा झाला. १९९२ साली ते परतले आणि ४ डिसेंबर २००६ रोजी वागाडुगु येथे निवर्तले. दुसऱ्याच्या चटईवर निजणे म्हणजे भुईवरच निजणे, ही आफ्रिकी म्हण ते वारंवार सांगत. आपला इतिहास परक्यांच्या हाती सोपवू नये, हाही त्यातील एक अर्थ होय.

वाचकहो, चर्चच्या नोंदवहीत पणजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख कदाचित मिळेल; पण ते कोठून आले आणि दुष्काळात घर कसे तगले, हे आजीच सांगू शकेल. ती आहे तोवर विचारून घ्यावे, दोघाचौघांकडून पडताळावे आणि वहीत उतरून ठेवावे.