परदेशी विद्यार्थ्याचे बिऱ्हाड

जून उजाडला आणि महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की सोलापुरात खोल्यांचा शोधही सुरू होतो. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, तुळजापूर, इंडी अशा गावांहून आलेली मुले होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांत दारोदार फिरताना दिसतात. कोणाबरोबर वडील असतात, कोणाबरोबर मामा. त्यांना भाड्याचा आकडा पुष्कळ उशिरा कळतो. आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग खाणेपिणे, मग येथे ओळखीचे कोण आहे हे. महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेहून ही प्रश्नपत्रिका अवघड असते, कारण तिच्यातील प्रश्नांची उत्तरे अभ्यास करून बदलता येत नाहीत.

या प्रश्नपत्रिकेला उद्या एखादा परदेशी विद्यार्थी सामोरा गेला तर त्याचे काय होईल? त्याच्या आडनावावरून त्याची जात ठरविता येत नाही. त्याचे गाव कोणी ऐकलेले नसते. त्याच्या वतीने शब्द टाकायला मामा नसतो. आणि त्याच्या खाण्याविषयी घरमालकाच्या मनात आधीच संशय असतो. आपल्या मुलाला जेथे चार दारे फिरावी लागतात तेथे त्याला चाळीस फिरावी लागतील, आणि नकाराचे कारणही त्याला धडपणे सांगितले जाणार नाही. ‘जागा नुकतीच गेली’ हे वाक्य तेवढे त्याला लवकर पाठ होईल.

पुण्याच्या तुलनेने सोलापुरात परदेशी विद्यार्थी अगदीच थोडे. मग हा प्रश्न आताच कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न तसा लांबचा नाही. केंद्र सरकारने २०१८ साली ‘स्टडी इन इंडिया’ हा कार्यक्रम सुरू केला आणि जगातील विद्यार्थ्यांना भारतात येण्याचे आवाहन केले. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत देशातील परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४६,८७८ नोंदली गेली. २०१९-२० मध्ये ती ४९,३४८ होती. उलट दिशेने, भारतातून शिकण्यासाठी बाहेर जाणाऱ्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते. येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट नेपाळचा आहे. ज्या नेपाळी माणसाच्या शिट्टीच्या भरवशावर आपल्या वसाहती रात्री निर्धास्त झोपतात, त्याच्याच देशाचा विद्यार्थी दिवसा खोली विचारायला आला की आपण दार अर्धेच उघडतो, ही विसंगती मनाला खटकत नाही काय?

बाहेर गेलेल्या आपल्या मुलांची चिंता मात्र आपल्याला चांगली समजते. आज सोलापुरातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत मुलगा वा मुलगी जर्मनीला, आयर्लंडला, इंग्लंडला गेल्याची वार्ता असते, आणि पहिले काही महिने त्या घरांत बोलणे अभ्यासाचे नसते, खोलीचे असते. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते आणि तिला घरमालकाचा दाखला लागतो. तो नसला की पुढची बहुतेक कामे अडतात. विद्यार्थी-निवासांच्या प्रतीक्षायाद्या लांबच लांब. नेदरलँड्समध्ये २०२२ साली ॲम्स्टरडॅमसह काही विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्टच कळविले की, राहण्याची सोय झाली नसेल तर येऊ नका. न पाहिलेल्या खोलीसाठी अनामत धाडून फसलेल्या मुलांच्या कहाण्या आपण हळहळून ऐकतो. तेथील घरमालक आपल्या मुलाचा वर्ण, त्याच्या फोडणीचा वास, त्याचे अवघड नाव यांवरून नकार देतो, तेव्हा त्याला आपण वंशद्वेष म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. तोच व्यवहार आपल्या गल्लीत घडला की त्याला आपण ‘घराची शिस्त’ असे सौम्य नाव देतो.

परक्या शहरात बिऱ्हाड शोधणाऱ्या विद्यार्थ्याचा इतिहास मराठी माणसाला नवा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. नात्यागोत्याचा संबंध नव्हता, धर्म एक नव्हता. ओळख होती ती केवळ पत्रांची. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, त्या यशात त्या घराच्या उंबरठ्याचा वाटा मोठा आहे. तथापि हे भाग्य एका व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून होते हे विसरता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला मावशी भेटत नाही.

दुसरे उदाहरण याहून अधिक बोलके आणि आपल्याला अधिक खाली मान घालायला लावणारे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला पोहोचले. आरंभी ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले, नंतर कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. लंडनमध्ये १९२१-२२ च्या सुमारास ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. न्यूयॉर्क आणि लंडन या दोन परक्या महानगरांत ज्याला छप्पर मिळाले, त्याच पदवीधराला १९१७ साली बडोद्यात ते मिळाले नाही. संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी ते गेले. हिंदूंच्या खाणावळीत थारा मिळणार नाही हे जाणून पारशी म्हणून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी त्यांनी मुंबईची गाडी धरली. स्वदेशात परका कोण आणि परदेशात आपला कोण, हे पासपोर्टावरून ठरत नाही, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

न्यूयॉर्कमधील लोक बडोद्याच्या लोकांहून स्वभावाने भले होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्याच काळात त्या देशात कृष्णवर्णीयांना किती दारे बंद होती हे सर्वविदित आहे. फरक व्यवस्थेचा होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळण्यासाठी तेथे विद्यार्थी असणे पुरेसे होते. घरमालकाच्या मर्जीचा प्रश्न येत नव्हता. बडोद्यात प्रश्न होता तो केवळ मर्जीचा. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कला देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी एका छपराखाली राहावे म्हणून इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. १९२५ साली पॅरिसमध्ये याच हेतूने विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय नगर वसू लागले, ज्यात १९६८ पासून भारताचेही भवन आहे.

आणि त्याच १९२५ च्या जानेवारीत, पॅरिस-न्यूयॉर्कइतका गाजावाजा न होता, सोलापुरात एक वसतिगृह उघडले. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ते चालविले. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांना शहरात कोणी खोली देत नव्हते, म्हणून सभेने स्वतःच छप्पर घातले. घरमालकांचे हृदयपरिवर्तन होईपर्यंत मुलांनी थांबावे, असे तिने सांगितले नाही. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि साहाय्य दिले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. खेड्यातील मुलगा शिकला तो शाळेमुळे जितका, तितकाच या वसतिगृहांमुळे.

समाजासमाजांच्या बोर्डिंगांनी केलेले काम थोर आहे. परंतु त्यांच्या रचनेत एक मर्यादा राहून गेली. तेथे प्रवेशाचा आधार ‘आपला’ असणे हा होता. जो कोणाचाच नाही, त्याच्यासाठी कोणते बोर्डिंग? परदेशी विद्यार्थी नेमका येथे अडतो. वस्तुतः सोलापूर हे आल्या-गेल्यांनीच बांधलेले शहर आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून गिरण्या आणि हातमागांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून माणसे आली, मराठवाड्यातून आली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांत येथील बाजार चालतो. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांची नावे सलग वाचली तरी या शहराचा पिंड कळतो. अशा शहराने बिऱ्हाडकरूची छाननी आडनावावरून करावी, हे त्याच्या इतिहासाला शोभत नाही.

येथे घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. हा घरमालक बहुधा धनिक नसतो. निवृत्त शिक्षक, बँकेतील कारकून, मुलगा पुण्याला गेल्यामुळे वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडलेले वृद्ध दांपत्य, असाच तो असतो. भाडेकरू उठलाच नाही तर काय, ही त्याची धास्ती जुन्या भाडेकायद्याच्या आठवणींतून आलेली आहे. परदेशी माणूस ठेवला तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही दुसरी धास्ती. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींवर उपाय आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अन्वये करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह-लायसन्सचा करार नोंदविला असेल आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम अधिकाऱ्याकडून ताबा मिळतो व दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे तोंडी व्यवहार करून जो कर वाचवू पाहतो, तोच खरा धोक्यात असतो. परकीय नागरिकाला घरी ठेवल्यास २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते, हेही खरे. १९४६ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, तरी हे कर्तव्य राहिलेच आहे. पण तो एक अर्ज आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे. आणि नव्या कायद्याने शिक्षणसंस्थेलाही तिच्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देणे भाग आहे. मग संस्थेच्या कचेरीनेच घरमालकाला हा अर्ज भरून देण्यास मदत का करू नये?

शिक्षणसंस्थांचे उत्तरदायित्व येथून सुरू होते. प्रवेशाचे पत्र पाठविले, शुल्क घेतले, आणि राहण्याचे तुमचे तुम्ही पाहा म्हटले, हा व्यवहार शिक्षणाचा नाही, दुकानदारीचा आहे. २००४ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ शहराबाहेर केगावला आहे. तेथे शिकायला येणाऱ्या नवख्याला शहराचा नकाशाही ठाऊक नसतो. विद्यापीठाने आणि मोठ्या महाविद्यालयांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिला महिना वसतिगृहात जागा द्यावी, म्हणजे खोली न पाहता अनामत देण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. दुसरी, पाहून-तपासून घेतलेल्या खोल्यांची यादी भाडे व अनामतीच्या आकड्यांसह कचेरीत लावावी आणि करारात संस्थेने हमीदार म्हणून उभे राहावे. आडनाव विचारणाऱ्याची खोली त्या यादीत नसावी. तिसरी, नवे वसतिगृह बांधताना परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी इमारत काढू नये. सांगोल्याचा आणि काठमांडूचा मुलगा एका खोलीत राहिले, एकाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली, दुसऱ्याने आपल्याकडचे काही, तर त्या शिक्षणाला वेगळ्या अभ्यासक्रमाची गरज नाही.

हे पेलणार कसे, असे विचारणाऱ्यांनी कुंभारीकडे पाहावे. याच सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांनी संघटित होऊन दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. पुढे रे नगरच्या योजनेतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. विड्या वळणाऱ्या हातांनी जे करून दाखविले, ते पदवीधरांच्या संस्थांना अशक्य आहे असे कोण म्हणेल?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली या शहरात जन्मले, १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ज्यांची भाषा त्यांना येत नव्हती त्या चिनी माणसांनी त्यांना आपल्यात राहू दिले, म्हणून त्यांचे काम घडले. त्यांच्या जन्मघराचे स्मारक आपण अभिमानाने दाखवितो. त्या अभिमानाचे मोल या जूनमध्ये ठरेल: कोणी परका विद्यार्थी वरच्या मजल्यावरील रिकाम्या खोलीसाठी कडी वाजवील, तेव्हा त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर. ‘कोणत्या विषयाला आहात?’ एवढाच प्रश्न पुरेसा आहे.